मातीरावाची परीक्षा

"धोका! सामू नऊ पूर्णांक दोन!" मातीराव ओरडला आणि मी त्याच्याकडे धावले.

मातीराव म्हणजे आमच्या डाळिंबाच्या बागेतला यंत्रमानव. तो मातीत सळई खुपसतो. सळईच्या काचेच्या टोकातला संवेदक (बदल जाणणारा भाग) सामू सांगतो. सामू म्हणजे माती आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा. सात म्हणजे मधोमध. आकडा फार चढला, की मातीराव आपणहून ठिबकच्या नळ्यांतून आम्ल सोडतो. आणि नऊच्या वर गेला, की तो इतकं आम्ल सोडतो, की माती तशी नसेल तर कोवळी मुळं जळालीच!

"आत्या, काल तर साडेसात होता!" मी किंचाळले.

कुमुदआत्या मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारी). कमी पाण्यावर येणारी ही कलमं तिने वर्षानुवर्षं खपून वाढवलेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "एका रात्रीत माती एवढी बदलत नाही गं! मातीराव, थांब!"

"माझं मोजमाप अचूक आहे. टाकी उघडतोय."

मेला हटवादी! टाकी गुरगुरायला लागली. मला रडूच कोसळलं.

"रडू नकोस, जुई. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, तेच त्याला विचारू." आत्याने एक बाटली उघडली. "हे प्रमाण द्रावण (सामू ठरलेलं पाणी). याचा सामू सात. मातीराव, यात बुडव सळई."

"नऊ पूर्णांक एक." मातीराव अडखळला. "पण हे तर सात आहे. म्हणजे मीच चुकतोय?"

गुरगुर थांबली.

आत्याने सळई निरखली. "अगंबाई! काल खंडेनवमी. विळ्या-कोयत्यांबरोबर मीच हिची पूजा केली, हळद-कुंकू थेट काचेवर! आमच्या कुंकवात चुना असतो, तो अल्कधर्मी. हा माती कुठली, कुंकूच मोजत होता!"

सळई धुतली. बाटलीत सात आलं.

"पण बाटलीच बिघडलेली असली तर?" मी विचारलं.

"शाब्बास! म्हणून ही दुसरी, चार सामूची." त्यातही बरोब्बर चार आलं. मग मातीत साडेसात.

तेवढ्यात माझ्या मनात आलं. "आत्या, काल गावात सगळ्यांनीच पूजा केली असेल ना?"

मातीरावाने लगेच गावातल्या इतर बागांमधल्या यंत्रमानवांना संदेश धाडला, "आधी बाटलीत बुडवा, मग मातीत!"

शेजारच्या बागेतून उत्तर आलं, "थांबलो." मग ओढ्यापलीकडून. टेकडीवरचा मात्र गप्पच. आत्या बाटल्या घेऊन धावत सुटली, मी तिच्या मागे.

आम्ही अर्धा चढ चढलो, तोच वरून तोही ओरडला, "थांबलो. बाटली कुठे मिळेल?"