निकाल कळायच्या आत

रेनाटा हुडाकने ती खुर्ची उचलली, तेव्हा तिला पक्कं ठाऊक होतं की आपण पाप करतोय.

पिट्सबर्गमध्ये कुणी दारासमोरचा बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी केली आणि तिथे घरातली एखादी मोडकी खुर्ची ठेवली, की ती जागा त्याची. असा कायदा कुठेच नाही, पण पोलीससुद्धा त्या खुर्चीला हात लावत नाहीत. रेनाटा तर याच शहरात वाढलेली. तरीही तिने खुर्ची फुटपाथवर ठेवली, गाडी आत घातली, आणि उतरते न उतरते तोच मागे दुसरी गाडी येऊन थांबली.

काच खाली झाली. लोकरीच्या टोपीखालून दोन तपकिरी डोळे तिच्याकडे बघत होते... रागाने म्हणावं तर तसेही नाही.

"ती खुर्ची माझ्या आत्याची आहे," तो म्हणाला.

"छान आहे. जपून ठेवलीय बाजूला."

"आणि ती जागा माझी आहे."

"रस्ता सरकारचा आहे."

"रस्ता असेल. त्यावरचा बर्फ माझ्या पाठीने काढलाय. अजून दुखतेय."

"मग आराम करा," रेनाटा पिशवी खांद्याला लावत म्हणाली. "मला पलीकडच्या हॉस्पिटलात उशीर होतोय. संध्याकाळी जागा जशीच्या तशी परत मिळेल. शब्द देते."

आणि ती बर्फातून तरातरा निघालीसुद्धा. मागून तिला हसू ऐकू आलं. ते हसू आवडलं, याचा तिला जरा रागच आला.

उशीर परवडण्यासारखा नव्हताच. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका हॉस्पिटलात, अतिदक्षता विभागात, ती गेली कित्येक वर्षं नर्स होती. आता तिला भूल देणारी नर्स व्हायचं होतं. तीन वर्षांचा कठीण अभ्यासक्रम, मूठभर जागा, आणि त्यासाठी मुलाखत. अर्ज करण्याआधी भूल देणाऱ्यांच्या मागे दिवसभर उभं राहून काम बघावं लागतं. आज तो दिवस होता.

कपडे बदलून, टोपी-मास्क चढवून ती ऑपरेशन थिएटरात शिरली. रुग्णाच्या डोक्याशी एक उंच विद्यार्थी औषधांच्या सिरिंज ओळीने लावत होता. त्याने मान वर केली. मास्कच्या वर फक्त डोळे... तेच तपकिरी.

"दिवसभर उभं राहावं लागेल," तो गंभीरपणे म्हणाला. "खुर्ची मागवू का?"

रेनाटाचे कान तापले. पण हार मानणाऱ्यांतली ती नव्हती. "नको. आत्याबाईंना त्रास कशाला?"

त्याचं नाव ऑगी पेट्रोन. त्याच अभ्यासक्रमाचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. त्या दिवशी तिने पाहिलं, की रुग्ण झोपी जाण्याआधी तो त्याच्या कानाशी वाकून हळू आवाजात काहीतरी बोलतो, आणि बोलता बोलता त्याचा तळहात रुग्णाच्या कपाळावर असतो. घाई नाही, दिखावा नाही. माणूस कामात कसा आहे हे कळलं की अर्धा माणूस कळतो, असं रेनाटाचं मत होतं. उरलेला अर्धा कळून घ्यायला हरकत नाही, असं तिला संध्याकाळी गाडी काढताना वाटून गेलं.

"गेल्या वर्षी मला नाही म्हणाले," जागा परत घ्यायला आलेल्या ऑगीला तिने जाता जाता सांगितलं. कुणाला सांगत नसे ती हे. "अभ्यासक्रमाच्या प्रमुख डॉ. टॅलींनी स्वतः फोन केला होता."

"त्या सगळ्यांना स्वतःच करतात. मुलाखतीच्याच संध्याकाळी. होकार असो की नकार, आपल्या तोंडाने द्यायचा. सैन्यातली सवय. काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'मिस हुडाक, रुग्ण बिघडला की तुम्ही फोन करता. आम्हाला तो फोन उचलणारं माणूस हवंय.'"

ऑगीने खुर्ची उचलून काखेत मारली. मग म्हणाला, "शुक्रवारी चर्चच्या तळघरात या. ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून मी तिथे मासे वाढायला असतो. जेवा आणि मुलाखतीसारखी उत्तरं द्या."

"आणि फी?"

"बर्फ काढायला या पुढच्या वेळी."

शुक्रवारी तळघरात तळलेल्या माशांचा आणि लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास कोंदला होता. लांबलचक रांग, कागदी ताटं, आणि टेबलामागे एप्रन बांधलेला ऑगी, बटाट्याचं सारण भरलेल्या, उकडीच्या करंजीसारख्या पिएरोगी वाढत.

"इटालियन माणूस आमच्या स्लोव्हाक पिएरोगी वाढतोय," रेनाटा म्हणाली. "जगबुडी जवळ आली."

"स्लोव्हाक पोरी रांगेत उभ्या राहतात म्हणून वाढतो. बरं, ऐक. ऑपरेशन चालू आहे, बीपी धाडकन पडलं. काय करशील?"

"आधी नाडी बघेन, सलाइन वाढवेन, आणि डॉक्टरांना कळ..."

त्याने तिच्या ताटातली एक पिएरोगी उचलून परत परातीत टाकली.

"अहो, हे काय?"

"डॉक्टर आले की पिएरोगी गेली. पुन्हा. ऑक्सिजन उतरतोय."

"नळी तपासेन, छाती ऐकेन, मग डॉक्..." तिने जीभ चावली. दुसरी पिएरोगीही गेली.

मागच्या म्हाताऱ्याने विचारलं, "पोरीला उपाशी मारणार आहेस का, ऑगी?"

"तिला हुशार करतोय, काका."

पहिल्या शुक्रवारी रेनाटा नुसता मासा खाऊन घरी गेली. जित्याची खोड अशी सहज जात नाही. अतिदक्षता विभागात नर्स कितीही जाणती असली, तरी शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: डॉक्टरांना कळवते. हात आधीच योग्य ते करत असतात, पण तोंड परवानगी मागत राहतं. वर्षानुवर्षं घोटलेलं ते वाक्य तिच्या जिभेवरून हलायला तयार नव्हतं.

पण पुढच्या शुक्रवारी एकच पिएरोगी गेली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी एकही नाही. उलट ऑगीने दोन जास्त वाढल्या, आणि रांग ओसरल्यावर ताट घेऊन तिच्यासमोर येऊन बसला.

"आता सोपा प्रश्न. भूल देणारी नर्सच का व्हायचंय?"

"कारण रुग्णसेवेचं हे सर्वोच्च..."

"हे तू शोकसभेत वाच. खरं सांग."

रेनाटा हसली. मग हसू विरलं. "माझ्याकडे माणसं येतात ती आधीच मोडून आलेली असतात. मला त्यांच्याआधी तिथे असायचंय. ते घाबरलेले असतात ना... डोळे मिटायच्या आधी... तेव्हा. शेवटचा चेहरा दिसतो तो माझा असावा. आणि डोळे उघडतील तेव्हाही मीच असावं. आणि मला ते जमेल, ऑगी. चांगलं जमेल."

तो तिच्याकडे बघत राहिला. काटा हातातच.

"काय झालं? उत्तर चुकलं?"

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही चुकलं." आणि उगाचच मिठाची डबी सरळ करू लागला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि तळघरात काही फार उकडत नव्हतं. घरी जाताना रेनाटा वाटभर गुणगुणत होती.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात मात्र ऑगी टेबलामागे नव्हता. तो तळघराच्या पायऱ्यांवर तिची वाट बघत उभा होता, हात खिशात घालून.

"मला मुलाखतीच्या पॅनेलवर घेतलंय," तो म्हणाला. "दरवर्षी एक विद्यार्थी घेतात. आज कळलं. आता तुझा सराव घेणं बरोबर नाही, रेनाटा."

"ठीकच आहे. सराव नको. जेवायला तर चल."

"तेही नको." तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. "पुढच्या शनिवारपर्यंत... नाहीच भेटलेलं बरं."

मान ताठ ठेवून रेनाटा म्हणाली, "तुला वाटतं मी तुझ्याकडे गुण मागेन?"

"तसं नाही."

"मग कसं?"

तो बुटाच्या टोकाने पायरी घासत राहिला. बाहेर पावसाला सुरुवात झाली होती, उरलासुरला बर्फ काळपट होऊन गटाराकडे निघाला होता. "बरं तर," रेनाटा म्हणाली. "शनिवारी टेबलाच्या पलीकडे बस आणि हवे ते प्रश्न विचार. मला कुणाची मेहेरबानी नकोय. जागा मी माझ्या जिवावर घेणार आहे."

बोलून ती निघाली, आणि गाडीत बसल्यावर रडली. थोडंसंच. मग नाक पुसून औषधांचे डोस पाठ करत घरी गेली.

शनिवारी ती निळा कोट घालून कॉलेजात पोहोचली. ऑगीकडे कसं बघायचं हे तिने आरशासमोर ठरवून ठेवलं होतं: सभ्यपणे आणि अनोळखी. दार उघडलं. टेबलामागे तिघं होती. मध्ये पांढऱ्या आखूड केसांच्या, ताठ बसलेल्या डॉ. बर्निस टॅली. एका बाजूला शिकवणारे एक गृहस्थ. दुसऱ्या बाजूला चष्मा लावलेली एक मुलगी, म्हणाली, मी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी.

ऑगी नव्हता. पळाला, रेनाटाच्या मनात आलं. मला नाकारताना समोर बसायचं धाडससुद्धा नाही. मग तिने पाठ सरळ केली. ज्याला यायचं नाही त्याच्यासाठी ही जागा ती घालवणार नव्हती.

प्रश्न आले, उत्तरं गेली. शेवटी डॉ. टॅली पुढे झुकल्या.

"पोटाचं ऑपरेशन चालू आहे. सगळं सुरळीत. अचानक बीपी निम्म्यावर येतं. बोला."

"आधी रुग्णाकडे बघेन, मग पडद्याकडे. हात नाडीवर. खरंच पडलंय की यंत्र चुकतंय? खरं असेल तर भुलीचं औषध कमी, ऑक्सिजन पूर्ण, सलाइन मोकळं, आणि बीपी चढवणारं औषध देईन. सर्जनना विचारेन, तिकडे रक्त जातंय का, कुठे दाबलंय का. मदतीला हाक मारेन, पण मारता मारता हात चालूच राहतील."

"आणि डॉक्टरांना फोन?"

रेनाटाला गेलं वर्ष आठवलं, आणि तिला चक्क हसू आलं.

"फोन धरायला हात मोकळा नसेल, मॅडम. तिथे रुग्ण माझा आहे."

डॉ. टॅलींनी काही लिहिलं नाही. नुसतं पेनाचं टोपण लावलं.

मुलाखत संपल्यावर त्या स्वतः तिला दारापर्यंत सोडायला आल्या. दार लोटून घेत म्हणाल्या, "मुलाखत संपली. हे तिच्यातलं नाही. तुमच्या पॅनेलवर दुसरा विद्यार्थी होता."

"माहीत आहे, मॅडम."

"गुरुवारी तो माझ्याकडे आला. म्हणाला, हुडाक या उमेदवाराला मी गुण देऊ शकत नाही. मी विचारलं, का. तर त्याने कारण सांगायला घेतलं ते इतकं लांबलं, की मला माझी सभा गाठायला त्याला मध्येच थांबवावं लागलं." त्यांचा चेहरा हलला नाही. "कारण काय ते तुम्ही त्यालाच विचारा. इतका वेळ माझ्याकडे नाही. संध्याकाळी फोन करेन."

रेनाटा जिना उतरली ती पायऱ्या न बघता.

गाड्या लावायच्या मैदानात, पावसात, ऑगी तिच्या गाडीशी उभा होता. छत्री होती, पण मिटलेली, बहुतेक विसरला होता.

"आत बस," ती दार उघडत म्हणाली. "न्यूमोनिया होईल."

दोघं आत बसले. काचांवर वाफ धरली. पाऊस टपावर वाजत होता.

"कशी झाली, ते विचारणार नाही," तो म्हणाला.

"विचारू नकोस. तू टॅलींना काय सांगितलंस?"

"त्यांनी सांगितलं?" तो दचकला. "देवा... त्या दगडाला बोलता येतं?"

"पायऱ्यांवर मला का नाही सांगितलंस? मी आठवडाभर तुला शिव्या दिल्या."

"आठवडाभर?"

"स्लोव्हाकमधून. काय सांगितलंस त्यांना?"

"मुलाखतीआधी तुला सांगितलं असतं तर तुझं लक्ष उडालं असतं. आणि आता... संध्याकाळी निकाल आहे. होकार आला तर सांगेन, नकार आला तर तुला जरा सावरू देईन, आणि मग..."

फोन वाजला. पडद्यावर डॉ. टॅलींचं नाव होतं. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. ऑगीने घाईने दाराच्या कडीला हात घातला. "मी बाहेर थांबतो."

रेनाटाने त्याची ओली बाही घट्ट पकडली आणि फोन कानाला लावला.

"हो, मॅडम... हो... समजलं... नाही, विचार करायला वेळ नको... आभारी आहे."

तिने फोन खाली ठेवला. ऑगी तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, पडद्यावरच्या आकड्यांकडे बघतात तसा, श्वास धरून. पण रेनाटाने अनेक घाबरलेल्या नातेवाइकांसमोर चेहरा सांभाळला होता. तिच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती.

"काय म्हणाल्या?"

"ते नंतर. आधी तू सांग. आत्ता, काही कळायच्या आत."

"आत्ताच का?"

"कारण नंतर सांगितलंस तर मला कधीच कळणार नाही, की तू माझ्या आनंदात आनंद मिसळलास, की कीव केलीस. आणि मला ते दोन्ही नकोय. मला नुसतं ते हवंय, जे तुझ्याकडे आत्ता आहे."

पाऊस पडत राहिला. ऑगीने एकदा ओठ ओले केले. मग रुग्णाशी बोलताना वापरतो त्याच हळू आवाजात म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे, रेनाटा. तू इथे शिकलीस तरी, आणि परत तुझ्या वॉर्डात गेलीस तरी. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत द्यायला निघालीस तर मी पुन्हा पिएरोगी काढून घेईन. त्याच्या पुढच्या वर्षीही. मला तू हवी आहेस. टॅलींना मी हेच सांगितलं... जरा लांबवून."

रेनाटाने त्याचा चेहरा दोन्ही तळहातांत धरला. गार होता, पावसाने भिजलेला. तिने त्याचं चुंबन घेतलं, सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखं.

"माझंही आहे," ती म्हणाली. "बऱ्याच शुक्रवारांपासून."

तो हसला, मग त्याला राहवेना. "आता तरी सांग. काय म्हणाल्या?"

"जागा मिळाली," रेनाटा म्हणाली, आणि आता कुठे तिने चेहरा सैल सोडला. ती हसत होती आणि रडतही होती, आणि ऑगी तिला पुन्हा पुन्हा विचारत होता, खरंच ना, खरंच ना.