मागं कोण राहिलं?

पटो न पटो, ही गोष्ट खरी आहे. माझा मावसभाऊ वसीम त्या जागी होता, आणि वसीमला थापा मारता येत नाहीत.

गेल्या डिसेंबरातली संध्याकाळ. नाशिकला, सातपूरमधल्या एका कारखान्याचं गेट.

भिमाजीभाऊंना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची श्रद्धांजली सभा होती.

भाऊ सुरगाण्याच्या डोंगरातून हमालीला आले. युनियन बांधली, आमदार झाले. तरी गेट मीटिंगची सुरुवात कधी बदलली नाही. आधी कोरडा खोकला. मग प्रश्न, “मागं कोण राहिलं?”

झाडूवाल्या कंत्राटी बायका पुढे येऊन बसेपर्यंत भाऊ भाषणाला तोंड उघडत नसत.

आता युनियन वसीमकडे होती. आणि त्याच्या पोटात एक गोष्ट होती.

सकाळीच त्याने मालकाला शब्द दिला होता. कायम कामगारांना पगारवाढ, कंत्राटी बायका घरी.

त्या बायकांत त्याची सख्खी बहीण शकीला होती. तिलाही त्याने सांगितलं नव्हतं. सभा उरकली की सही, मग बघू.

चोराच्या मनात चांदणं. वसीम लवकर येऊन गेटसमोर एकटाच येरझाऱ्या घालत होता.

रिक्षावर भोंगा बांधला होता. बॅटरी यायची होती. वायर जमिनीवर मोकळी पडली होती.

घसा मोकळा करावा म्हणून त्याने नुसतीच घोषणा दिली.

“भिमाजीभाऊ…”

पुढचं ‘अमर रहे’ लोकांनी म्हणायचं असतं. लोक तर अजून यायचे होते.

तरी उत्तर आलं…

“हजर!”

भोंग्यातून.

वसीम गर्रकन वळला. त्याने वायर पाहिली. मोकळीच होती. टपरी बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

मग कोरडा खोकला…

“मागं कोण राहिलं?”

आणि त्याच्या पाठीमागे बांगड्या वाजल्या…

शकीला होती. तिच्यामागे सगळ्या झाडूवाल्या.

“काय रे वसीम, सभेला टाइम हाय ना अजून? मग भोंग्यावर ‘पुढं या, पुढं या’ करून कोण बोलवतंय? ही मीना तर म्हणती, आवाज भाऊंचाच हाय!”

वसीमने मोकळी वायर उचलून तिला दाखवली.

त्या सभेत त्याने सगळं सांगून टाकलं. शिव्या खाल्ल्या. पण सही झाली नाही. बायका अजून कामावर आहेत.

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं.

परवा मालकाने त्याला पुन्हा बोलावलं. तेच बोलणं, रक्कम मोठी. या वेळी त्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शकीलाला अजून पत्ता नाही.

काल त्याचा मला फोन आला. आवाज उतरलेला.

“सही केली तर काय होईल रे?”

मी काही बोलणार, तोच पलीकडे कुणीतरी खोकलं…

कोरडं.

“वसीम, घरात कोण आहे?”

“कुणी नाही. एकटाच आहे. का रे?”

काय सांगू त्याला?