उद्याची हजेरी

टॅब निवडायला माणसाला किती वेळ लागावा? आमच्या गौतमीनं मारुंजीच्या एका जुन्या मालाच्या दुकानात दोन तास घेतले आणि मी दारात उभा राहून नुसता चरफडत होतो. मी हिंजवडीत कंपन्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बॅटरी बघायची, पेन चालवून बघायचं आणि उचलायचा, एवढंच काम. पण गौतमी, माझी धाकटी बहीण, कोळवणच्या मराठी शाळेतून थेट लवळ्याच्या युनिव्हर्सिटीत गेलेली. इंग्रजी तास तिच्या डोक्यावरून जायचे. पहिल्या चाचणीत नापास झाली आणि आठवडाभर धड जेवली नाही. वडील गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. आईनं सांगून ठेवलं होतं, आणखी एकदा नापास झालीस तर शिक्षण बंद, स्थळ बघायचं.

शेवटी तिनं एक जुना टॅब पसंत केला. लिहिता लिहिता त्यात तासाचा आवाज भरला जायचा. नंतर एखाद्या शब्दावर पेन टेकवलं, की तो शब्द लिहिताना सर काय बोलत होते ते ऐकू यायचं.

"न्या, पण तीनदा परत आलाय," दुकानदार नरहरी म्हणाला.

"का? बिघडलाय?" मी विचारलं.

"न्हाई वो. पोरं म्हणत्यात, आधीच भरल्याला हाय."

मी त्याच्यासमोरच सगळं पुसून टॅब कोरा केला. एवढी साधी गोष्ट तिघांना जमू नये, धन्य आहे!

पंधरा दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी तिनं मला पडवीत बोलावलं आणि शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर पेन टेकवलं. बाक सरकले, पंख्याची घरघर आली, कुणीतरी खोकलं. सर हजेरी घेऊ लागले.

"आजचं असंल," मी म्हणालो.

"उद्याचं हाय, दादा. चार दिस झालं ऐकतीया. दुसऱ्या दिवशी शब्दाला शब्द तेच शिकवत्यात."

मी टॅब उलटासुलटा तपासला. आत एकही फाइल नव्हती. इंटरनेट तोडलं तरी सर बोलतच राहिले. माझी अक्कल तिथंच संपली. फेकून देऊ म्हणालो, तर तिनं टॅब छातीशी धरला. उद्याचा तास आज ऐकून, शब्दांचे अर्थ शोधून ती वर्गात जात होती. सरांनी चारचौघांत शाबासकी दिली होती. पोरगी पुन्हा पोटभर जेवायला लागली होती. मी टॅब तिच्याकडेच राहू दिला. चुकलोच.

गुरुवारी संध्याकाळी मी तिच्या शेजारीच होतो. टॅबमधली हजेरी एकविसापर्यंत आली.

"बावीस. गौतमी जयसिंग."

रोज नाव पुकारल्यावर टॅबमधून तिचाच आवाज यायचा. आज नुसता पंखा.

"बावीस?" सर पुन्हा म्हणाले.

गौतमी दचकली आणि सवयीनं टॅबलाच ओरडून म्हणाली, "प्रेझेंट सर!"

"हं," टॅबमधून सर म्हणाले. "तेवीस."

मी टॅब बंद करायला हात पुढं केला. ती मात्र हसत सुटली. "लागली बग हजेरी!"

शुक्रवारी मी रजा टाकली. तिला गाडीवरून नेऊन वर्गात बसवलं आणि दारापाशी उभा राहिलो.

"बावीस."

"प्रेझेंट सर," गौतमी म्हणाली.

सरांनी मान वर केली. "बावीस?"

ती उभी राहिली. हात वर करून ओरडली. शेजारच्या मुलीनं आपली बॅग उचलली आणि गौतमीच्या जागेवर ठेवली.

"अवो सर, ती काय उभी हाय!" मी दारातून ओरडलो.

"कोण?" सरांनी विचारलं. चिडून नाही, अगदी मनापासून.

अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. तिच्याकडे एकानंही पाहिलं नाही.

घरी आईनं दोन ताटं वाढली.

"आई, आपन तिघं हाय."

"का रं, कोन येनार हाय?" आई म्हणाली आणि भात आणायला आत गेली.

तिसरं ताट गौतमीनं स्वतःच आणलं. ती रडत होती. मी तिचा हात घट्ट धरला. हात गरम होता.

"मला दिसतीयास तू," मी म्हणालो. "जग इसरलं तर इसरू दे. मी न्हाई इसरायचा."

आज सहा दिवस झाले. मी टॅब फोडायला दगड उचलला होता, तिनंच अडवलं. "माजी हजेरी त्यातच हाय, दादा," म्हणाली.

काल तिनं कोऱ्या पानाच्या अगदी तळाशी पेन टेकवलं. भांड्यांचा आवाज आला, कपबशा वाजल्या. मग एका अनोळखी बाईचा आवाज आला. माझ्या लग्नाची बोलणी चालली असावीत.

"तुम्ही भावंडं किती?" बाईनं विचारलं.

"मी एकटाच," माझा आवाज म्हणाला, अगदी सहज.