कोयंडा, सप्टेंबर १९६३

मी रहस्यकथा वाचत नाही. त्यांची मुखपृष्ठं जमवतो. सांगलीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे हा नाद लोकांना समजण्यासारखा वाटतो आणि कुणी जास्त विचारत नाही. पिस्तूल धरलेला हात, जिन्यावर पडलेली बाई, हॅटवाला माणूस आणि त्याची लांब सावली. कुणीतरी पोटासाठी घाईत रंगवलेलं असतं. तरी एखादा कोपरा असा उतरतो की बघत बसावं.

गुणमाला, माझी बायको, बहात्तरच्या मार्चमध्ये गेली. आठ दिवस ताप आला, एवढंच. स्मशानात उभा होतो तेव्हा धूर निळसर आहे की करडा, याचा मी विचार करत होतो. नंतरही रडू आलं नाही. चंदनबाला, माझी थोरली विधवा बहीण, घर सांभाळायला आली. सूर्य मावळायच्या आत आम्ही दोघं जेवायचो, मग ती जपाला बसायची आणि मी अंक लावत बसायचो. हातातला कप पोळतोय हेही मला उशिरा कळायचं.

‘कोयंडा’ हे पुण्याहून निघणारं मासिक, पासष्टच्या सुमाराला बंद पडलेलं. त्याचा सप्टेंबर १९६३ चा अंक मला चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत गणपती पेठेतल्या एका रद्दीच्या दुकानात सापडला. मुखपृष्ठावर एक खोली. खुर्चीत एक तरुण आपल्याकडे पाठ करून बसलेला. त्याच्यासमोर बंद दार. बस्स. पिस्तूल नाही, बाई नाही, रक्त नाही. पण त्या पोराच्या मानेवरचे बारीक केस चित्रकारानं एकेक करून काढले होते. खाली सही, मा. जा.

अंकाचा कोपरा फाटका होता, म्हणून मी दुसरी प्रत शोधू लागलो. ती फेब्रुवारीत साताऱ्याला हरिबाकडे मिळाली. राजवाड्यामागच्या बोळात त्याचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं आणि माझ्यासाठी तो असले अंक बाजूला ठेवायचा.

घरी येऊन दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. दोन्हींवर दाराच्या कडेला केसाएवढी काळी फट होती.

पहिल्या प्रतीवर ती मी बघितली नव्हती. नजरेतून सुटली असेल असं धरून चाललो. असली मुखपृष्ठं तीन रंगांच्या ब्लॉकांनी छापायचे, एखादा रंग सरकतो आणि अशी रेघ पडते. तरी सवयीनं मी ट्रेसिंग पेपर घेऊन दोन्हींच्या बाह्यरेषा उतरवून घेतल्या, तारीख टाकली आणि कागद कपाटात ठेवला.

तिसरी प्रत कोरेगावला एका न्हाव्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यात होती. ती घरी आणल्यावर ट्रेसिंग लावून बघितलं. फट दोन मिलिमीटरची झाली होती. तिन्हींवर. फाटक्या कोपऱ्याच्या प्रतीवरसुद्धा.

मी पुन्हा मोजलं. मग हात धुऊन पुन्हा मोजलं.

घाबरायला हवं होतं, हे मला कळत होतं. शाळेत एखाद्या पोराचं चित्र तपासावं तसा मी आकडा लिहून ठेवला आणि चौथ्या प्रतीच्या मागे लागलो. ती खंडाळ्याला मिळाली. पुढच्या तीन हरिबानंच कुठून कुठून आणून दिल्या. प्रत्येक नव्या प्रतीबरोबर दार सगळ्याच अंकांवर थोडं थोडं उघडत गेलं. सातवी आली तेव्हा एप्रिल संपत आला होता. दार वीतभर उघडं वाटत होतं, आणि त्या पोराचे मांडीवर असलेले हात आता खुर्चीच्या हातांवर होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती, उठायच्या बेतात असलेल्या माणसाची पडतात तशी.

त्या दुपारी चंदनबालाआक्का पदरानं घाम पुसत माझ्या खोलीत आली आणि दारातच थांबली.

“जवाहर, एवढ्या उन्हात गार वारं कुठनं येतंय रं?”

“खिडकीतनं.”

“खिडकी बंद हाय.”

खरंच बंद होती. वारा टेबलाच्या बाजूनं येत होता, आणि त्याला भाताच्या ओल्या पेंढ्याचा वास होता. आमच्या सांगलीला हळदीचा वास येतो, मळीचा येतो. पेंढ्याचा नाही. आक्का टेबलाकडे बघत राहिली. त्यानंतर ती झाडायलाही त्या खोलीत आली नाही.

मेच्या सुट्टीत मी हरिबाला विचारलं, हे मा. जा. कोण?

“मानसिंग जाधव. मेढ्याचा. मिलिटरीत बोर्ड रंगवायचा, मग पुण्याच्या मासिकांची कामं करायचा.” हरिबा सुतळी सोडवत म्हणाला. “लय चांगला हात हुता. पर भाऊ गेला आन् त्यानं ब्रश टाकला.”

“वारला?”

“वारला न्हाई. गेला.”

मेढ्याची एस.टी. दुपारी पोचली. मानसिंगचं घर गावाच्या टोकाला, भातखाचरांना लागून होतं. त्याची बायको राहीबाई अंगणात पेंढा रचत होती. तो वास नाकात शिरला तसा मी थबकलो, आणि मग आत गेलो.

मानसिंग पंचेचाळिशीचा, ताठ बसणारा माणूस. मी पिशवीतून एक प्रत काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती उचलली नाही. बराच वेळ नुसता वाकून बघत राहिला.

“दार मी बंद काढलं हुतं,” तो म्हणाला.

“माहीत आहे. माझ्याकडे ट्रेसिंग आहे.”

मग त्यानं सांगितलं. खुर्चीत बसलेला त्याचा धाकटा भाऊ ज्ञानू. तेव्हा बावीस वर्षांचा. शेजारच्याच खोलीत तीन दिवस बसवून मानसिंगनं हे चित्र काढलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो ब्रश धुवायला पडवीत आला. राहीबाई उंबऱ्यातच तांदूळ निवडत बसली होती. तो परत गेला तर खुर्ची रिकामी.

“माझ्यावरनं कुणी गेलं न्हाई,” राहीबाई दारातून म्हणाली. “शपतीवर सांगती मास्तर, कुणी गेलं न्हाई.”

“आणि ते दुसरं दार?” मी चित्रातल्या दाराकडे बोट केलं.

मानसिंगनं मला उठवून ती खोली दाखवली. खुर्ची होती तिथंच होती. तिच्यासमोर शेणानं सारवलेली सरळ भिंत होती.

“तिथं दार कवाच नव्हतं,” तो म्हणाला. “चित्र मोकळं दिसाय लागलं म्हणून मी मनानं काढलं.”

आम्ही परत येऊन बसलो. पोलिसात कळवलं, पलटणीत विचारलं, नदीचे डोह बघितले, असं सगळं त्यानं एका सुरात सांगितलं. त्यांची आई, मनुबाई, आतल्या अंगाला घोंगडीवर निजून होती. अकरा वर्षं ती रोज ज्ञानूचं ताट वाढायला लावत होती. मग मानसिंगनं विचारलं, “तुमच्या घरात कोन असतं मास्तर?”

“बहीण. बायको वारली, दोन वर्षं झाली.”

त्यानं मान हलवली. मग विचारलं, “परती किती हायत तुमच्याकडं?”

“सात.”

तो उठला. फळीवरच्या पत्र्याच्या पेटीतून त्यानं त्याच अंकाच्या तीन प्रती काढल्या. प्रेसनं त्याला पाठवलेल्या, कोऱ्या करकरीत.

“ह्या घिऊन जावा.”

“नगा देऊ,” राहीबाई म्हणाली. मानसिंगनं तिच्याकडे बघितलं नाही.

मी नको म्हणू शकलो असतो. त्या तिन्ही प्रती पिशवीत घालून मी सांगलीला आलो आणि टेबलावर दहा अंक ओळीनं मांडले. तेव्हा काही झालं नव्हतं. सकाळी उठून बघितलं तर दार सताड उघडं होतं.

दहाही अंकांवर.

खुर्ची रिकामी होती. दाराच्या पलीकडे रंगच नव्हता, नुसता कागद.

आक्कानं त्याच सकाळी तिची ट्रंक भरली. “माझ्या सोबत चल,” एवढंच म्हणाली. मी शाळेचं कारण सांगितलं. शाळेला सुट्टी होती, हे तिलाही माहीत होतं. ती इचलकरंजीला तिच्या दिराकडे निघून गेली.

नवव्या दिवशी कार्ड आलं. मानसिंगचं वळणदार अक्षर. ‘ज्ञानू घरी आला. एकदा येऊन जावे.’

मेढ्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. राहीबाई अंगणात बसली होती. हातात काही काम नव्हतं. मी विचारायच्या आत ती म्हणाली, “आत हाय. त्याच खोलीत.”

खोलीच्या उंबऱ्यावर मी थांबलो.

खुर्चीत तो बसला होता. माझ्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे. बाह्या दुमडलेला पांढरा सदरा. मानेवरचे बारीक केस मी ओळखले. ती मान बावीस वर्षांच्या पोराची होती. त्याच्यामागे मनुबाई उभी होती आणि वाटीतलं तेल बोटांनी त्याच्या केसांत मुरवत होती. म्हातारी गुणगुणत होती.

“आलं बघा माझं लेकरू,” ती मला म्हणाली.

“ज्ञानू,” मी हाक मारली.

तो हलला नाही.

मी भिंतीच्या कडेनं दोन पावलं पुढे गेलो. खुर्चीचा आवाज झाला नाही, पाय हललेले दिसले नाहीत, पण मी जिथं उभा होतो तिथूनही मला त्याची पाठच दिसत होती. मी आणखी पुढे गेलो. पाठच. मनुबाई जागची हलली नव्हती. तिचे हात अजून त्याच्या मागच्या केसांतच होते.

मी मागे फिरलो.

अंगणात राहीबाई खालच्या आवाजात म्हणाली, “ताट त्याच्या मागं ठिवायचं आन् भाईर यायचं. जरा वेळानं ताट रिकामं असतं.”

“बोलतो काही?”

“न्हाई.”

“अंग गरम लागतं?”

तिनं खोलीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, “नऊ दिवस झालं मास्तर. आमी अजून त्येचं तोंड बघितलं न्हाई.”

मानसिंग बाहेर आला. त्यानं दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. अकरा वर्षांनी झोप लागलेल्या माणसासारखा दिसत होता. त्यानं माझे दोन्ही हात धरले.

“आई जेवाय लागली,” तो म्हणाला. “हसती बी. तुमचं लय उपकार झालं.”



त्यानं मला जोत्यावर बसवलं. फळीखालून ड्रॉइंगचा कागद काढला, मांडीवर पाट घेतला, पेन्सिलीला टोक केलं. मी बघत होतो. अकरा वर्षांनंतरही त्याचा हात स्थिर होता.

“छापून घ्यायचं मी बघतो,” तो म्हणाला. “पुण्याला वळखीचा प्रेसवाला हाय. दहा परती पुरं.”

राहीबाई त्याच्या पाठीमागे उभी होती. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. नको, असं. पुन्हा एकदा हलवली.

“फोटो मी आणलेला नाही,” मी म्हणालो.

“फोटू कशाला? पाठमोरंच काढायचं.” त्यानं कागद सारखा केला. “वहिनींचं केस कसं हुतं?”

एस.टी.ला अजून वेळ होता. मी उठू शकलो असतो. राहीबाई वाट बघत होती.

“कमरेपर्यंत,” मी म्हणालो. “एकच वेणी. मान किंचित डावीकडे कलती.”

मानसिंगनं ऐकून घेतलं आणि आधी खुर्ची काढायला घेतली.