मशीन चालू होतं तोवर

हे माझ्या घरी घडलंय. मैत्रिणीच्या मावशीच्या जावेला आलेला अनुभव नाही. माझ्या घरी, माझ्या डोळ्यांदेखत.

आणि रात्र नव्हती बरं का. वादळ नव्हतं, दिवे गेले नव्हते. शनिवारची दुपार होती. लख्ख ऊन होतं.

मी कानांच्या दवाखान्यात काम करते. लोकांना काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे आणि सांगायचं, आवाज आला की बटण दाबा. दिवसभर हेच. त्यामुळे कुठला आवाज खरा आणि कुठला भास, हे मला शिकवायला कुणी येऊ नये.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. मागच्या वर्षी त्यांना हृदयाचा झटका आला. कामावरच, लिफ्टच्या खड्ड्यात. सोबतचा माणूस सामान आणायला वर गेला होता. हे किती वेळ एकटे पडून होते, कुणालाच सांगता आलं नाही.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या खेपेला थोडक्यात निभावलं. पुन्हा असं झालं तर कुणीतरी ताबडतोब जवळ पोचायला हवं. सगळं त्यावर आहे."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. हे दिसले नाहीत की माझा जीव टांगणीला.

मग आम्ही हे घर घेतलं. बैठं, शांत. मागे मोठी हिरवळ. हिरवळ म्हणायची आपली, जागोजागी टक्कल पडलं होतं. ज्यांनी घर विकलं त्या बाई शाळेत शिकवायच्या. घर त्यांच्या वडिलांचं. ते गेल्यावर वर्षभर बंदच होतं.

किल्ल्या देताना बाईंनी मागच्या शेडकडे बोट दाखवलं.

"त्यात बाबांचं गवत कापायचं मशीन आहे. मी म्हणेन, भंगारात देऊन टाका."

"चालतं का?" यांनी लगेच विचारलं. भंगार म्हटलं की यांच्या डोळ्यांत चमक येते.

"बाबांच्या हातात चालायचं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला ते हात लावू द्यायचे नाहीत."

झालं! यांना तेवढंच हवं होतं.

पुढचे सगळे शनिवार-रविवार त्या शेडमध्ये गेले. जुनं, दणकट, पेट्रोलवर चालणारं धूड. पुढे पाती, त्यापुढे गवत गोळा करायचा पत्र्याचा डबा, मागे जाडजूड रोलर. यांनी कार्बोरेटर उघडला, साफ केला, परत लावला. दोरी ओढली. ढिम्म. स्पार्क प्लग बदलला. ढिम्म. घरभर पेट्रोलचा वास आणि माझ्या चांगल्या टॉवेलांची पुसणी झालेली.

"अहो, नवीन घ्या ना एखादं."

"अगं, नव्यात जीव नसतो."

तेव्हा मी हसले होते.

एका रविवारी मशीन सुरू झालं. पहिल्याच झटक्याला... आणि गंमत म्हणजे त्या दिवशी यांनी काहीच दुरुस्त केलं नव्हतं. नुसती सवयीने दोरी ओढली होती.

मी मात्र घाबरले. एवढं जड मशीन घेऊन उन्हात फेऱ्या मारणार हा माणूस? मी साफ नाही म्हटलं. मग यांनी मला हँडलखालची दांडी दाखवली.

"ही दाबून धरली तरच इंजिन चालतं. हात सुटला की बंद. मशीन आपणहून पुढे जातं, मी नुसतं मागे चालायचं आणि टोकाला वळवायचं. तू घरात तुझं काम कर. आवाज येतोय म्हणजे मी उभा आहे. आवाज थांबला की ये धावत."

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला हायसं वाटलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं की सारखं जाऊन बघायची गरज नाही.

आधी हिरवळ नव्याने पेरायची होती. यांनी जमीन खणली, दंताळ्याने सारखी केली, बी टाकलं, वरून हलकी माती पसरली. चहूबाजूंनी दोरी बांधली. गवत वर येईपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही असा हुकूम सोडला. पाखरं बी टिपतात म्हणून चकचकीत पट्ट्या लावल्या.

पट्ट्यांची गरजच पडली नाही. एकही पाखरू आलं नाही.

समोरच्या झाडावर कलकल चालायची. कुंपणावर चिमण्या ओळीने बसायच्या. पण दोरीच्या आत... एकही नाही. उघड्यावर एवढं बी पसरलेलं असताना.

आणखी एक. एका कोपऱ्यात माती उंचसखल राहिली होती. पाठ भरून आली म्हणून यांनी तसंच सोडलं होतं. सकाळी चहाचा कप घेऊन हे तिथे उभे.

"काल एवढं सपाट केलं होतं का मी?"

कोपरा ताटासारखा सपाट होता. दंताळ्याच्या रेघा सरळ, एकमेकींना खेटून. यांच्या रेघा कधीच सरळ येत नाहीत.

"केलं असेल," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार?

गवत मात्र असं आलं की विचारू नका. कोवळं, दाट. बघता बघता कापायला आलं. यांनी मशीन बाहेर काढलं आणि मी स्वयंपाकघरात कान लावून बसले.

घर्रर्र... सुरू झालं.

आणि बंद.

मी हातातलं टाकून धावले. हे धडधाकट उभे, दांडी घट्ट धरलेली.

"आपोआप बंद पडलं गं."

पुन्हा सुरू. पुन्हा बंद. पुन्हा मी धावत बाहेर. असं इतक्या वेळा झालं की मीच छाती धरून पायरीवर बसले.

"तुमचा हात सुटतोय."

"नाही सुटत." हे आपल्या बोटांकडे बघत होते. "कुणीतरी एकेक बोट उचलतंय असं वाटतं."

"भलतंसलतं बोलू नका!"

हे हसले. पण त्या दिवशी मशीन शेडमध्ये गेलं, गवत तसंच राहिलं.

पुढच्या शनिवारी यांनी काय केलं, ते मला नंतर कळलं. यांनी तारेचा तुकडा घेतला आणि दांडी हँडलला आवळून बांधली. म्हणजे हात सुटला तरी इंजिन बंद होणार नाही. लिफ्टमध्ये असं कुणी केलं तर हेच त्याची बिनपाण्याने करतात. आणि मला चकार शब्द सांगितला नाही. मी पुन्हा पुन्हा धावत येऊ नये म्हणून!

दुपारी मशीन सुरू झालं. या वेळी बंद पडलं नाही.

मी ओट्याशी उभी राहून मटार सोलत होते. आवाज लांब जायचा, टोकाला जरा मंदावायचा, वळायचा, जवळ यायचा. लांब... मंद... वळण... जवळ. मला इतकं शांत वाटत होतं. मी गाणंही गुणगुणत होते.

खिडकीतून हिरवळीचा मधला भाग दिसतो. कडेला झुडपं आहेत, त्यापलीकडचं दिसत नाही. मध्ये एकदा मान वर केली तर हे पाठमोरे चालले होते. पाठ ताठ, पाऊल एका लयीत. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं.

एवढ्या उन्हात?

किडे चावत असतील, म्हटलं. पुढच्या फेरीला मी ओरडले, "चहा टाकू का हो?"

आमचे हे गाढ झोपेतून चहाला हो म्हणतात. पण वळले नाहीत. उत्तर नाही. मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. मी नुसतीच हसले, हात हलवला आणि पुन्हा मटार घेतले.

आख्खी पिशवी सोलून झाली.

आणि आवाज थांबला.

खोकत, गचके देत नाही. कुणीतरी नीट बंद करावं तसा.

मी दारात जाऊन उभी राहिले. "झालं का?"

शांत.

"अहो?"

मशीन शेडच्या दाराशी उभं होतं. एवढ्या क्षणभरात पाती पुसलेली. पत्र्याचा डबा रिकामा करून उलटा वाळत ठेवलेला. तारेचा तुकडा सोडवून, सरळ करून हँडलला अडकवलेला. आमचे हे काम झालं की वस्तू आहे तिथे टाकून आत येतात. इतक्या वर्षांत यांनी एक पाना जागेवर ठेवलेला मी पाहिला नाही.

सगळी हिरवळ कापून झाली होती. पट्टे आखल्यासारखे सरळ.

फक्त झुडपांकडच्या कडेला एक पट्टा वाकडा गेला होता. काहीतरी मध्ये आल्यावर वळसा घालावा तसा. त्या वळशाच्या आत थोडं गवत उंच राहिलं होतं...

आणि त्यात हे पडले होते.

अंगात बनियन होतं. नुसतं बनियन.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. ॲम्ब्युलन्स, पांढरा पडलेला चेहरा, माझ्या हाताला मटारांचा वास. हे वाचले. डॉक्टर म्हणाले, "बराच वेळ गेला होता. आणखी थोडा गेला असता तर मी काही करू शकलो नसतो."

बोलता यायला लागल्यावर यांनी हळूहळू सांगितलं. हे पहिल्या काही फेऱ्यांतच पडले होते. चक्कर आली, हात सुटले. तारेने बांधलेलं मशीन तसंच पुढे गेलं.

"मला वाटलं, टोकाला भिंतीवर जाऊन आदळेल. त्या आवाजाने तू येशील," हे म्हणाले. "आदळलंच नाही. वळलं."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"परत माझ्याकडे यायला लागलं. पाती अगदी डोक्याजवळ आली. मला हलता येईना. मग बाजूने गेलं. रोलरच्या मागे गवत दबत होतं गं... एका पावलाएवढं. मग दुसऱ्या."

"कोण होतं?"

"वर बघायचं धाडस झालं नाही."

यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, "मी तुला हाका मारत होतो. त्या आवाजात माझ्या हाका माझ्याच कानावर येत नव्हत्या. झुडपांतून तू दिसत होतीस. तू वर बघितलंस आणि त्याच्याकडे बघून हसलीस."

मला तिथेच रडू फुटलं.

मी घर विकणाऱ्या बाईंना फोन केला. भांडायलाच केला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही 'काहीतरीच काय' म्हणाल्या नाहीत.

मग त्यांनी एवढंच विचारलं, "गवत पूर्ण कापून झालं होतं?"

"हो."

"डबा उलटा ठेवला होता?"

डब्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"बाबा काम अर्धवट टाकून कधी आत आले नाहीत," त्या म्हणाल्या. "कुणी हाक मारली तरी नाही." आणि फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

सगळे मला म्हणतात, अगं, जे कोण होतं त्याने मशीन बंद केलं म्हणून तू बाहेर आलीस. त्याचे आभार मान.

मी खूप विचार केला. मला तसं वाटत नाही. त्याला यांना वाचवायचं नव्हतं, मारायचंही नव्हतं. यांना त्याने वळसा घातला, बागेत दगड असावा तसा. त्याचं काम संपलं म्हणून त्याने मशीन बंद केलं, बस.

हिरवळ आणखी थोडी मोठी असती तर?

मशीन आम्ही भंगारवाल्याला दिलं. घर विकायला काढलंय, अजून गिऱ्हाईक नाही. हे आता बरे आहेत, चिडचिड करण्याइतके बरे. कारण मी यांना एकटं सोडत नाही. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असला तरी उठून बघून येते. हे घोरत असले तरी छातीवर हात ठेवून बघते. "अगं, आवाज येतोय ना माझा!" असं हे ओरडतात. येतो हो. त्या दिवशीही येतच होता.

आत्ता हे लिहितेय तेव्हा हे बाथरूममध्ये दाढी करताहेत. नळ चालू आहे.

बराच वेळ झाला, नळ चालूच आहे.

मी हाक मारली. "हो, आलो," म्हणाले. आवाज यांचाच होता.

तरी मी उठतेय. दार उघडून बघितल्याशिवाय मला बसवणार नाही.