अर्धी झाकणं

"आधी झाकण बघ, मग मध बघ."

आत्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी तेव्हा एवढीशी होते, खोक्यावर बसले तर पाय जमिनीला टेकत नसत. शाळेला सुट्टी लागली की मी आत्याच्या मधाच्या कारखान्यात. दिसेल ते खिशात साठवायची सवय म्हणून तिने माझं नाव मुंगी ठेवलं होतं.

"मध पिंपात पडून राहिला तरी बिघडत नाही, मुंगे," ती सांगायची. "बाटल्या लांबून येतात, त्या आधी मागवायच्या. लेबलं छापखान्यातून, ती जरा मागाहून. आणि झाकण... ते सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळे त्यालाच विसरतात. तेच नसलं की अख्खा कारखाना हातावर हात ठेवून बसतो."

मी मान डोलवायचे. माझं सगळं लक्ष, बोट कधी चाटायला मिळतं याच्याकडे.

पुढे मी शिकले. आत्या ज्याला 'कधी काय मागवायचं ते' म्हणायची, त्याला पुस्तकात पुरवठा साखळी म्हणतात, हे कळायला कॉलेजची वर्षं गेली. शिकून आले ती त्याच कारखान्यात कोठार सांभाळायला. कोठारातल्या प्रत्येक फळीवर आत्याने तांबडी रेघ मारून ठेवली होती. माल रेघेला टेकला की मागवायचा. नवा माल दारात येईपर्यंत रेघेखालच्या मालावर भागवायचं. साधं, सरळ, आणि इतकी वर्षं कधी न चुकलेलं.

मग एका सकाळी झाकणांची गाडी दाराशी लागली, आणि तिच्यातून नेहमीच्या ड्रायव्हरकाकांच्या ऐवजी तो उतरला.

नेमका त्याच वेळी पिंपाचा नळ गळत होता आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत मधात होते.

"सही हवी होती," तो पावती पुढे करत म्हणाला.

"हात बघा माझे."

त्याने बघितले. जरा जास्तच वेळ बघितले.

"अंगठा चालेल."

"शिकलेली आहे हो मी."

"मग शिकलेला अंगठा द्या."

मी अंगठा टेकवला. कागदावर पिवळाधमक ठसा उमटला. ती पावती घडी घालून खिशात टाकायची सोय नव्हती. वाऱ्यातून दिवा न्यावा तशी दोन्ही हातांत धरून त्याने ती गाडीपर्यंत नेली. मी बघत राहिले, आणि नळ गळतच राहिला...

"काका कुठे गेले?" मी मागून विचारलं.

"लेकीकडे. नातू झालाय त्यांना. आता पत्रा कापणारा मीच, पोचवणाराही मीच."

"म्हणजे मालक?"

"अर्धा. उरलेला अर्धा माझा दादा."

आत लेबलं लावणाऱ्या बायकांच्या टेबलावर एकदम शांतता पसरली होती. गाडी गेल्यावर मावशीने, म्हणजे सगळ्यांत जुन्या बाईने, हात न थांबवता सूर धरला,

"झाकण आलं बाई, बाटली कुठं गेली,
दारी गाडी उभी, आत धांदल झाली..."

"मावशी, लेबल वाकडं लागतंय," मी म्हणाले.

"लेबल सरळच आहे गं," मावशी म्हणाली. "तुझी मान वाकडी आहे. दाराकडे."

मी पुढे केलं ते कुठल्याही पुस्तकात नाही. म्हणजे आहे, पण वेगळ्या कारणासाठी आहे.

"आत्या," मी दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आपण झाकणं उगाच साठवतो. जागा अडते, पत्र्याला गंज लागतो. हल्ली सगळे थोडा थोडा माल मागवतात. लागेल तसा. फेऱ्या जास्त, साठा कमी."

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. "आणि एखाद्या दिवशी फेरी चुकली तर?"

"झाकणांचा कारखाना जवळच आहे की."

"जवळ आहे खरा," आत्या म्हणाली. "बरं. शिकली आहेस तू. बघ करून."

तिचा तो विश्वास मला जरा टोचला. पण गाडीचा हॉर्न ऐकला की टोचणी विरघळून जायची.

गाडी आता सारखी यायची. तो खोकी उतरवायचा, मी मोजायचे. मोजता मोजता बोलणं व्हायचं, बोलता बोलता मोजणं चुकायचं, की पुन्हा पहिल्यापासून.

"तुमच्या झाकणाची फिरकी घट्ट आहे फार," मी म्हणायचे. "उघडता उघडत नाही."

"पहिल्यांदा जरा जोर लागतो. मग सवय होते."

"झाकणाबद्दल बोलतेय मी."

"मीही झाकणाबद्दलच बोलतोय. तुम्हाला काय वाटलं?"

मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. पत्र्याचा आणि तेलाचा एक उबदार वास त्याच्या शर्टाला असायचा. तो गेल्यावर तो वास रिकाम्या जागेत थोडा वेळ उभा राहायचा, आणि मीही त्याच्याशेजारी उभी राहायचे. एकदा भुरभुर पाऊस होता, तर खोकी भिजतील म्हणून त्याने स्वतः भिजत आधी ताडपत्री खोक्यांवर घातली. मग मीच माझी ओढणी पुढे केली. केस पुसायला हो, दुसरं काही नाही... ती परत द्यायला तो दुसऱ्या दिवशी वेगळी फेरी मारून आला.

झाकणं लागायची तेवढी मी मागवेनाशीच झाले. लागायच्या निम्मी मागवायचे. निम्म्यांसाठी त्याला पुन्हा यावं लागायचं.

अशातच एका मोठ्या दुकानवाल्याने आमचा मध घ्यायचं कबूल केलं. त्याच्या सगळ्या दुकानांत. आत्या त्याच्या मागे कधीपासून होती. संध्याकाळी त्याचा ट्रक यायचा होता, आणि तो वेळेवर भरला तर पुढचं वर्षभर आमचं काम ठरलं होतं. बाटल्या धुऊन उलट्या ठेवल्या होत्या, लेबलं आली होती, मध कोमट करून गाळून झाला होता. झाकणं मी सवयीप्रमाणे निम्मी मागवली. उरलेली दुपारच्या फेरीत येतील, असा हिशेब.

सकाळी खोकी उघडली. मी पुन्हा पुन्हा मोजली. निम्म्याचीही निम्मी होती.

दुपारच्या आत टेबल थांबलं. भरलेल्या बाटल्या उघड्या तोंडाने रांगेत उभ्या. मावशीने वर फडकी पांघरली. कुणी गाणं म्हणत नव्हतं.

आत्याने त्याला फोन करून बोलावलं. ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, आणि मी दाराला टेकून.

"आजच्या दिवशी माल कमी?" आत्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "तुमच्या वडिलांपासून झाकणं घेते मी. पण आज दुसरा झाकणवाला शोधायची वेळ आणलीत."

"चूक माझी आहे," तो म्हणाला. मान खाली. "माल मी कमी आणला."

तो मला वाचवतोय, असं मला वाटलं. मी गप्प राहिले असते तर सगळं त्याच्यावर निघून गेलं असतं; दुसरी गाडी लागली असती, दुसरा माणूस उतरला असता.

"त्यांची नाही, आत्या," मी म्हणाले. "मी निम्मीच मागवली होती. लागत होती त्याच्या निम्मी."

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं.

"निम्मी?" तो म्हणाला. "मला वाटलं तेवढीच लागतात. म्हणून मी... मी त्याची निम्मीच आणली. उरलेली दुपारी आणणार होतो. नेहमीच तसं करतो."

"नेहमीच?"

"हो."

"मग एवढ्या फेऱ्या..."

"हो."

आत्या एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"निम्म्याचं निम्मं," ती म्हणाली. "हे गणित तुम्हा दोघांना कुणी शिकवलं? आणि का?"

"गाडीत जागा नव्हती," तो म्हणाला.

"कोठारात जागा नव्हती," मी म्हणाले.

बाहेर रिकामी गाडी उभी होती, आणि खिडकीतून कोठाराच्या मोकळ्या फळ्या दिसत होत्या. आत्याने दोन्ही बघितलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

तो झाकणं आणायला पळालाच. त्याने आणि दादाने मशीन सोडून सगळी तयार झाकणं गाडीत भरली, आणि गाडी आली तेव्हा आम्ही सगळे टेबलाला लागलो. आत्यासुद्धा. तोसुद्धा. माझ्या शेजारी उभा राहून तो झाकणं फिरवत होता आणि मी बाटल्या सरकवत होते. ट्रक आला तेव्हा शेवटची बाटली अजून कोमट होती.

ट्रक गेल्यावर आत्याने निकाल दिला. झाकणं त्यांच्याकडूनच घ्यायची. पण महिन्याची एकदम, मोठ्या गाडीतून, ड्रायव्हरकाकांच्या हाती. आणि तांबड्या रेघेचा नियम परत लागू.

मोठी गाडी आली. कोठार छतापर्यंत भरलं. काकांनी नातवाचे फोटो दाखवले, मी गोड हसले, सही केली, आणि गाडी गेली.

मग दारात काही वाजेना. हॉर्न नाही, खोकी आदळल्याचा आवाज नाही. इतकी झाकणं आयुष्यात कधी एका वेळी बघितली नव्हती, आणि इतकं ओकंओकं कधी वाटलं नव्हतं. मावशीनेही गाणं सोडून दिलं. "कुणाला चिडवायचं?" म्हणाली.

एका दुपारी मी आत्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मी जाऊन येते."

"कुठे?"

"झाकणांच्या कारखान्यात."

"कशाला? झाकणं छताला टेकलीत."

"माहीत आहे."

आत्या चष्मा पुसत राहिली. पुसून झाला तरी पुसत राहिली.

"मग सावकाश ये," ती म्हणाली.

इतके दिवस तो माझ्याकडे येत होता. पुरवठा साखळीत माल वरून, म्हणजे पुरवणाऱ्याकडून, खाली येतो तसा. मी उलट दिशेने निघाले. पुलावरून, लोहारगल्लीतून, पत्र्याच्या उंच शेडपर्यंत. आत ठक्, ठक्, ठक् असा आवाज पायातून अंगात चढत होता. पत्र्याच्या पट्टीतून चकत्या सुटत होत्या, चकत्यांची झाकणं होत होती, झाकणं घसरत टोपलीत पडत होती, चिल्लर सांडावी तशी.

दाराशी त्याच्यासारख्याच नाकाचा एक माणूस उभा होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"निम्मी मागवणाऱ्या त्या तुम्हीच का?" दादा म्हणाला. "तो शेवटच्या मशीनवर आहे. आठवडाभर वाकडी झाकणं काढतोय. काहीतरी करा त्याचं."

तो पाठमोरा होता. वळला, आणि त्याच्या हातातली चकती खाली पडली.

"तुम्ही इथे? माल कमी पडला का?"

मी बोलले. ठक्, ठक्. त्याने कानामागे हात धरला. मी आणखी मोठ्याने बोलले. त्याने मान हलवली, ऐकू येत नाही. मग त्याने हात वर नेला आणि दांडा खाली ओढला. मशीन थांबलं. त्याच्या मागचं थांबलं, त्याच्याही मागचं थांबलं. अख्ख्या शेडमध्ये शेवटचं झाकण टोपलीत पडल्याचा आवाज तेवढा ऐकू आला. सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली.

"अहो, काम थांबलं," मी म्हणाले.

"थांबू दे. बोला."

"सगळे ऐकतायत."

"ऐकू दे."

मला वाटलं होतं, आडून आडून काही सांगेन. झाकणांची फिरकी, गाडीची फेरी, असलं काहीतरी. पण इतक्या शांततेत आडून बोलायला जागाच नव्हती.

"कोठारात जागा होती," मी म्हणाले. "भरपूर होती. तुम्ही परत यावं म्हणून मी निम्मी मागवत होते. मला तुम्ही आवडता. माल घेऊन आलात तरी, आणि रिकाम्या हाताने आलात तरी."

"गाडीतही जागा होती," तो म्हणाला. "भरपूर."