दारातली वाळू

“भट्टीवर भाजून घ्यायचं असेल तर तू घे. मी काय पाव आहे?”

“पाव मऊ असतो. तू दगड आहेस, दगड.”

“मग? कुणाच्या पोटची?”

हे असं ती कामावरून आल्यापासून चाललं होतं. लेक घराच्या उंबऱ्यावर उभी, कामावरच्या कपड्यांत, तोंडाला गुंडाळलेलं फडकं हनुवटीखाली ओढून. मी खाली पायरीशी, बांधलेल्या बॅगांच्या मध्ये. माझ्या मागे भाड्याची गाडी इंजिन चालू ठेवून थांबलेली, कारण तिच्या ड्रायव्हरला त्या गल्लीत इंजिन बंद करायचं नव्हतं. वर दुपारचं ऊन. असं ऊन, की सावलीसुद्धा माणसाच्या पायाखाली लपून बसते.

भांडणात मी हरत नाही. शाळेत गेले नाही, अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून उचलली, पण बोलायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. नवऱ्याशी भांडले, दिरांशी भांडले, पाण्याच्या नळावर अख्ख्या आळीशी भांडले. ते एक भांडण मात्र मी हरले. कसं, ते सांगते. दिवा असू दे तसाच. आणि मधेच उठून जायचं असेल तर दार ओढून घ्या.

आमच्याकडचा कारखाना बंद पडला आणि लेकीला या वाळवंटातल्या शहरात काम मिळालं. शहराबाहेर सोलर पॅनलचं रान आहे. नजर पोचेल तिथवर काळ्या काचा आभाळाकडे तोंड करून पडलेल्या. त्यांच्यावर रोज वाळू बसते आणि वाळू बसली की वीज कमी होते. ती झाडायची, पण काच तापायच्या आत झाडायची, आणि पाणी न लावता. तेवढं पाणी वाळवंटात कुठलं, आणि तापल्या काचेजवळ माणसाला उभं राहवत नाही. म्हणून लेकीची टोळी अंधारातच निघे, लांब दांड्यांच्या मऊ ब्रशांनी रांगेमागून रांग झाडत जाई, काचा तापल्या की ब्रश-दांडे आवरी आणि ऊन डोक्यावर आलं की झोपायला घरी परते. त्या शहरात रात्र दुपारीच होते. दुकानांची शटरं खाली, खिडक्यांना जाड पडदे, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

असं काम करणाऱ्या माणसाने राहावं कुठे? दलालाने आम्हाला दोन जागा दाखवल्या.

पहिली बाजारात, पावाच्या भट्टीवरची खोली. जिन्यात भाजल्या पिठाचा वास, भिंती कढत, खाली माणसांचा कालवा. मला आवडली. चार माणसांचा आवाज कानावर पडला की मला झोप लागते. लेक म्हणाली, “आई, इथे दुपारी माझा डोळा कसा लागायचा? झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी शिडीवरून खाली येईन.” बोलणं खोटं नव्हतं.

दुसरी जागा शहर संपतं तिथे. बैठ्या घरांची एक रांग. कुठल्याशा कंपनीने कामगारांसाठी बांधलेली. कामगार आले, आणि गेले. सगळ्या घरांना कुलपं, दारादारात वाळू चढलेली, कुठे पायरी बुडेपर्यंत, कुठे कडीपर्यंत. पॅनलचं रान बाजारापेक्षा तिथून जवळ. आम्हाला दाखवलेलं घर रांगेच्या अलीकडच्या टोकाला होतं. दलालाने दार उघडलं तसा आतून गारवा अंगावर आला. बाहेर तवा, आत माठ. एसी नाही, कूलर नाही, खिडक्या बंद. मी भिंतीला तळहात लावला आणि लगेच काढून घेतला.

“एवढं गार कसं?”

“बांधकाम चांगलं आहे, मावशी.”

“आणि शेजारचं काय तुझ्या काकाने बांधलं? त्याची भिंत तर पोळतेय.”

दलाल हसला. तोवर लेक आत जाऊन चक्क फरशीवर आडवी झाली होती. गाल जमिनीला टेकून, डोळे मिटून. लहानपणी ताप उतरला की तिचा चेहरा असा व्हायचा. “आई, हेच,” ती म्हणाली. त्या चेहऱ्यापुढे मी काय बोलणार?

सामान उतरवताना वस्तीचा रखवालदार आला. म्हातारा, पाय ओढत चालणारा.

“दारातली वाळू झाडू नका, आजी. येण्याजाण्यापुरती तुडवा. पण झाडू नका.”

“का बरं?”

“वाळू असली की घर रिकामं वाटतं.”

“कुणाला?”

त्याने रांगेच्या पलीकडच्या टोकाकडे पाहिलं. तिथून पुढे नुसतं वाळवंट. “ते मला विचारू नका. मला सांगितलं ते मी सांगतो. मी स्वतः दुपारी इथे नसतो. माझं घर सासुरवाडीला लागून आहे. तिथली भुतं निदान नात्यातली तरी आहेत.”

मी हसले. लेक हसली नाही. तिचं लक्ष वाळूकडे होतं. आचारी दुसऱ्याच्या घरी जेवताना मीठ तपासतो, शिंपी बोलता बोलता समोरच्याची शिवण बघतो, तशी माझी लेक बसलेली वाळू बघू शकत नसे. हात शिवशिवायचे तिचे. त्याच दिवशी तिने कामावरचा ब्रश काढला आणि पायरी, उंबरा, ओटा लख्ख केला. पुढच्या वाळूवर ब्रशचे वळ उमटले, कमानीसारखे, एकात एक, माशाच्या खवल्यांसारखे.

“बघ, आता घर वाटतं,” ती म्हणाली.

आवाज पहिल्यांदा आला तो भर दुपारी. लेक आतल्या खोलीत झोपलेली, मी बाहेरच्या खोलीत भाजी निवडत बसलेली. खर्र… मग काही नाही. मग परत, खर्र… मऊ ब्रश वाळूवरून ओढल्याचा आवाज, लांबून, रांगेच्या पलीकडच्या टोकाकडून. मी मनात म्हटलं, चला, कुणीतरी राहायला आलं. भांडायला माणूस मिळालं.

उन्हं उतरल्यावर पाहायला गेले. शेवटच्या घराचं कुलूप तसंच, गंजून एक झालेलं. पण पायरी झाडलेली होती. उंबरा स्वच्छ. पुढे वाळूवर वळ, एकात एक. आणि पाऊल एकही नाही. झाडणाऱ्याने जाताना आपली पावलंही झाडत नेली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या अलीकडचं घर. मग त्याच्या अलीकडचं.

लेकीला सांगितलं, तर म्हणते, “वारा असतो, आई.”

“वारा काय फक्त दारापुरता वाहतो?”

“मग रखवालदार असेल.”

“तो दुपारी सासऱ्याच्या ओट्यावर घोरत असतो.”

एरवी ती खो खो हसली असती. आता हसेना. आधी ही पोरगी घरात आली की तिच्याआधी भांडी बोलायची. आता दार उघडल्याचंही कळेना. जेवताना घास हातात धरून बसायची. त्या आगीतून चालत यायची आणि कपाळावर घामाचा थेंब नसायचा. एकदा पाणी देताना तिचा हात माझ्या हाताला लागला. भिंतीसारखा गार.

“तुला बरं नाही का गं?”

“बरं आहे. इतकं बरं मला कधीच नव्हतं…”

तिच्या कपड्यांना एक वास येऊ लागला होता. घामाचा नव्हे. वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या रांजणात डोकं घातलं की येतो तसला.

मग मी वाळू परत आणली. टोपल्या भरभरून पायरीवर ओतली, उंबऱ्यावर ओतली, थापून बसवली. झाकूनच टाकलं घर. रखवालदार लांबून बघत होता. “आता काय उपयोग…” एवढंच म्हणाला आणि पाय ओढत निघून गेला. सकाळी उठून पाहते तो पायरी लख्ख. लेक कामावर गेलेली. म्हटलं, तिनेच झाडली असेल. पण वळ या वेळी बाहेर नव्हते. आत होते. घरभर पसरलेल्या बारीक धुळीवर, उंबऱ्यापासून निघून, माझ्या अंथरुणाला वळसा घालून, लेकीच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेले.

त्या दुपारी मी खिडकीशी उभी राहिले. कंपनीची गाडी तिला गल्लीच्या तोंडाशी सोडून गेली. ती चालत येऊ लागली, मान खाली, दोन्ही हात मोकळे. वाळूत तिचं पाऊल उमटे, टाच, चवडा, बोटं. तिने पुढचं पाऊल टाकलं की मागचं पुसलं जाई. एक कमान अलगद त्याच्यावरून फिरे, झोपलेल्या लेकराच्या कपाळावरचे केस आई मागे सारते ना, तशी. खर्र… पाऊल. खर्र… पाऊल. वारा नव्हता. तिच्या मागे कुणी नव्हतं. ती दाराशी पोचली तेव्हा तिच्यामागे ती आल्याची एकही खूण राहिली नव्हती. ही बाई इथे आलीच नाही, असं कुणी छातीवर हात ठेवून म्हटलं असतं, तर मी त्याला काय दाखवलं असतं?

ती आत आली, माझ्या बाजूने गेली, आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आपल्याच लेकीला हाक मारायची भीती वाटावी, असं मला जन्मात झालं नव्हतं.

उन्हं उतरल्यावर मी बाजारात गेले आणि भट्टीवरची खोली घेतली. तुम्ही बसलात ती हीच. भिंती पोळतात ना? पोळू द्या. ती कोपऱ्यातली गादी मी रोज घालते आणि रोज तशीच उचलते. लेक अजून कामावर जाते म्हणतात. कंपनीच्या गाडीतून तिला उतरताना पाहिलेली माणसं आहेत, येऊन मला सांगतात, वर विचारतात, तुमचं मायलेकींचं काय बिनसलं? मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाते कधी कधी. तिथून पुढे पाय उचलत नाही. मी, जी कुणाच्या बापाला भ्याले नाही.

तर, तो भांडणाचा दिवस, खोली घेतली त्याच्या दुसरा. ती कामावर गेल्यावर मी तिच्या खोलीत शिरले. खाट रिकामी होती. चादर ओढून घेतली, घडी घातली, तिचे कपडे, तिच्या चपला, तिची उशी, सगळं भरलं. बॅगा बाहेर आणल्या, दार ओढून घेतलं आणि पायरीवर त्या दाराला पाठ लावून बसले. गाडीवाला येईपर्यंत, ती येईपर्यंत, तिथून हलले नाही. ती आली. वाळूकडे मी बघितलं नाही, तिच्या तोंडाकडेच बघत राहिले. तिने मला बाजूला केलं, दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहिली, आणि आमचं सुरू झालं.

पाव झाला, दगड झाला. मग मी म्हणाले, “गाडीत बस.”

“तू बस. जा तू.”

“तुझ्याशिवाय नाही जायची.”

“आई, मला तिथे झोप लागत नाही.”

“नको लागू दे. जागी राहा. मी वारा घालीन, बर्फ आणीन, खालच्या पाववाल्याचं तोंड शिवून टाकीन. पण जागी राहा.”

तिने मान हलवली, नाही.

“मग काम सोड. मरू दे त्या काचा. घरी परत जाऊ.”

“घरी काय आहे, आई?”

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो. मी ओरडायला लागले. त्या सुन्या गल्लीत माझा आवाज बंद घरांवर आपटून परत येत होता. म्हणाले, तुला नऊ महिने पोटात वागवलं ते या थडग्यात टाकायला नाही. म्हणाले, तुझा बाप असता तर त्याने फरपटत नेलं असतं. तिचं मनगट धरलं आणि ओढलं. गार होतं ते. माझ्या हातातून निसटेना, पण हलेही ना. गाडीवाल्याने हॉर्न दिला. मग मी ते केलं जे आयुष्यात कुणापुढे केलं नव्हतं. त्या तापल्या पायरीवर गुडघे टेकले आणि म्हणाले, “पाया पडते तुझ्या, पोरी. चल.”

तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याच लेकीचे डोळे होते ते, मला माझी लेक ओळखू येते. ती खाली वाकली, मला दंडाला धरून उठवलं, माझ्या लुगड्याची वाळू झटकली. मग मान वळवून मागे, घरातल्या त्या गार अंधारात पाहिलं, आणि तान्ह्या पोराच्या पाळण्यापाशी बोलतात तेवढ्या आवाजात म्हणाली,

“आई… हळू बोल ना. आत मी झोपलेय.”